घर कामात, मूल कोणाच्या नजरेत?

परीक्षा संपल्या, निकाल लागले की आपल्याकडे घराघरांत दोन याद्या तयार होतात. एक यादी जायच्या ठिकाणांची. मामाच्या गावी चार दिवस, तुळजापूरचा राहिलेला नवस, पंढरपूर, अक्कलकोट, जवळच्यांची दोन-तीन लग्ने आणि जमलेच तर उजनीच्या पाण्यावर एक चक्कर. दुसरी यादी घरातल्या कामांची. उडदाचे पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाचे तिखट, गहू-ज्वारी वाळवून भरणे, भिंतींना चुना, दारे-खिडक्यांना ऑइलपेंट, पावसाच्या आत माळवदाची डागडुजी. घरकुलाचे काम चालू असेल तर मग विचारायलाच नको. या दोन्ही याद्या एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत पार पाडायच्या असतात.

मे महिन्यात सकाळी नवाच्या सुमारास केममधल्या कुठल्याही आळीतून चक्कर मारावी. एका माळवदावर कुरडया पसरलेल्या, दुसऱ्या अंगणात गव्हाची रास, तिसऱ्या दारात चुन्याचे पिंप, चौथीकडे स्लॅबची सेंट्रिंग लावलेली. लग्नसराईत कुंकवाला मागणी असते, म्हणून गावातल्या कुंकवाच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना सुटी नावाची गोष्ट नसते. स्टेशनावर उतरणारी पाहुणेमंडळी पोरांसकट येतात. एरवी चार माणसांच्या घरात मग दहा-बारा माणसे होतात आणि त्यांत निम्मी मुले असतात.

उन्हाळ्यात या सदरातून काय लिहायचे ते जवळजवळ ठरून गेले आहे. डोक्याला रुमाल बांधा, कैरीचे पन्हे प्या, दुपारी बाहेर पडू नका. हे सगळे खरे आहे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्रेचाळीस-चव्वेचाळीसलाही भिडतो, तेव्हा उन्हाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण माझे मत असे आहे की सुटीत लहान मुलाला उन्हाइतकाच, किंबहुना उन्हापेक्षा अधिक धोका आपल्या कामाच्या घाईचा असतो. घरात दहा माणसे असतात, दहाही जणांना वाटते की मूल कुणाच्या तरी नजरेत आहे, आणि नेमके त्याच घटकेला ते कुणाच्याच नजरेत नसते.

हे नुसते वाटणे नव्हे. बांगलादेशात लहान मुलांच्या पाण्यात बुडण्याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. तिथल्या खेड्यांची राहणी आपल्यापेक्षा फार वेगळी नाही. अभ्यासात असे आढळले की पाच वर्षांखालची मुले बहुतेक करून सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात, आणि तीही दूरच्या नदीत नव्हे, घराच्या अगदी जवळच्या डबक्यात किंवा तळ्यात. ही वेळ कोणती? बाप कामावर गेलेला, आई स्वयंपाक, धुणे, झाडलोट यांत गुंतलेली, मोठी भावंडे इकडेतिकडे. मग तिथे एक अगदी साधा उपाय करून पाहिला. गावातल्याच एका बाईला थोडे शिक्षण दिले, तिच्या जोडीला एक मदतनीस दिली आणि वीस-पंचवीस मुले सकाळी नऊ ते एक एवढा वेळ तिच्या ताब्यात ठेवली. या केंद्रांना ‘आंचल’ म्हणजे पदर असे नाव आहे. केंद्रात येणाऱ्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका शेकडा ८० हून अधिक घटला. त्यात ना औषध, ना यंत्र. चार तास एका माणसाने दुसरे काहीही न करता मुलांकडे पाहिले, एवढेच.

आपल्या घरांत हा नऊ ते एकचा वेळ सुटीत तर जास्तच गर्दीचा. कुरडयांचा चीक चुलीवर शिजवायचा तो सकाळीच, कारण ऊन चढायच्या आत त्या घालून झाल्या पाहिजेत. चुना लावणारा माणूस सकाळीच येतो. बांधकामावर पाणी मारायचे ते सकाळीच. त्यासाठी हौद नाहीतर दोनशे लिटरचे पिंप तोंडापर्यंत भरून ठेवलेले असते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला बुडायला हौदही लागत नाही, अर्धी भरलेली बादली पुरते. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते. मूल वाकून पाण्यात हात घालते, तोल जातो, डोके खाली आणि पाय वर. पुन्हा वर येण्याइतके बळ हातांत नसते. आणि यात आवाज अजिबात होत नाही. बुडणारे मूल ओरडते अशी आपली समजूत सिनेमाने करून दिली आहे. नाका-तोंडात पाणी गेलेल्या मुलाला ओरडता येत नाही. ‘आम्ही सगळे तिथेच होतो हो, आवाजसुद्धा आला नाही,’ असे सांगणारे आईबाप खरेच बोलत असतात.

घराबाहेरच्या पाण्याचाही प्रकार बदलला आहे. पूर्वी विहीर होती. तिला पायऱ्या असत, कपारी असत, पोहायला शिकवणारे चुलते-मामा असत. आता वस्तीवस्तीवर शेततळी झाली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि ऊस, केळी, डाळिंबाच्या आपल्या भागात शेततळ्यांचा मोठाच आधार झाला, याबद्दल दुमत नाही. पण त्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की तेल लावल्यासारखा निसरडा होतो. काठाला आलेला मोठा पोहणारा माणूससुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही, मग दहा वर्षांच्या पोराची काय कथा. एक घसरला म्हणून दुसरा हात द्यायला जातो आणि दोघेही जातात. सुटीत गावी आलेल्या शहरातल्या भाच्यांना तर हे पाणी पोहण्याच्या तलावासारखे निळे, स्वच्छ आणि उथळ दिसते. मी म्हणतो, शेततळ्याला चारी बाजूंनी तारेचे कुंपण आणि कुलूप हवेच, आणि त्याबरोबर चारी काठांना पक्क्या खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला जाड दोर हवा. जुन्या टायरी एकमेकींना बांधून उतारावर सोडल्या तरी शिडीचे काम होते. लाखो रुपयांचे तळे करणाऱ्याला हा खर्च जड नाही. पाहुणे आले की पहिल्याच दिवशी मुलांना तळे लांबून दाखवावे आणि तिथे का जायचे नाही ते स्पष्ट सांगावे. मुलांपासून तळे लपवणे हा उपाय नव्हे, ती शोधून काढतातच.

उजनीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या खुणा उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येतात. पळसदेवचे जुने देऊळ दिसू लागले की पाहायला माणसांची रीघ लागते. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी पाहायला होडीतून जाणारेही खूप. मुलांना हे जरूर दाखवावे, आपल्या दारातले वैभव आहे. परंतु २१ मे २०२४ हा दिवस आपल्या तालुक्याने विसरता कामा नये. त्या दिवशी सायंकाळी कुगावहून पलीकडच्या तीरावरील इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीतले एक पोलिस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण गेले. त्यांत एकाच घरातले आई, वडील आणि त्यांची दोन चिमुकली होती.

ही माणसे हौसेने पाण्यावर गेली नव्हती. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून दोन्ही तीरांवरचे लोक जसे नेहमी बोटीने जात-येत, तशीच तीही निघाली होती. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्या संध्याकाळपासून आपण आपल्यापुरते काय घ्यायचे, एवढाच प्रश्न आहे. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर ढग चढतात आणि वळवाचे वारे दहा-पंधरा मिनिटांत अंगावर येते. उजनीसारख्या उघड्या पाण्यावर त्याला आडोसा नाही. म्हणून मुलांना घेऊन होडीत बसायचे तर सकाळी, नऊ-दहाच्या आत, आणि दुपारनंतर कितीही आग्रह झाला तरी नाही. लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाचे असेल तर ते मुलाच्या डोक्यावरून निसटते आणि त्याचा उपयोग शून्य. मुलाच्या मापाचे नसेल तर मुलाला होडीत बसवू नये. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ हे वाक्य सहलीत फार वेळा ऐकू येते. हेच वाक्य मला घातक वाटते.

पंढरपूरला चंद्रभागेत मुलांना घेऊन उतरणाऱ्यांसाठीही हेच. वाळू उपशाने पात्रात जागोजाग खड्डे झाले आहेत. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडते. मुलाचे मनगट धरून काठावरच दोन तांबे डोक्यावर घालावेत. पांडुरंगाची त्याला हरकत नसावी.

आणि कुणी बुडालेच, तर बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे हे प्रकार आजही होतात. पोटातले पाणी काढण्यात अमूल्य मिनिटे जातात आणि तेच पाणी उलट फुप्फुसात शिरते. श्वास चालत नसेल तर उताणे झोपवून, मान किंचित मागे करून, तोंडाने पाच वेळा श्वास भरावा. मूल हालचाल करीत नसेल तर छातीच्या मध्यावर जलद दाब देणे आणि मधूनमधून श्वास भरणे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलाकडे बघायचे कुणी?

आपल्याकडे याचे उत्तर न विचारताच ठरलेले असते. आई. ती चिकाच्या पातेल्यापाशी असो, पाहुण्यांचा चहा करीत असो की कारखान्यात असो, मुलाला काही झाले की पहिला प्रश्न तिलाच, ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ हा प्रश्न मी दवाखान्यात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. सासू विचारते, दीर विचारतो, नवरा विचारतो. विचारणारे सगळे त्या वेळी घरातच असतात. पण त्यांचे लक्ष कुठे होते हे त्यांना कुणी विचारीत नाही. मला हे अन्यायाचे वाटते, आणि अन्याय बाजूला ठेवला तरी आरोग्याच्या दृष्टीने निरुपयोगी वाटते. ज्या बाईच्या हातात उकळता चीक आहे तिच्याकडे मूल सोपवणे म्हणजे मुलाला भाजण्याची सोय करून ठेवणे आहे.

दुसरे ठरलेले उत्तर आजी. आजीचा जीव नातवंडांत असतो, पण गुडघे साथ देत नाहीत. दोन वर्षांचे मूल पळाले तर सत्तरीची आजी त्याला गाठू शकत नाही. गोष्ट सांगायला, जेवू घालायला, दुपारी निजवायला आजीसारखे माणूस नाही. अंगणात हौद असताना पळत्या पोराची राखण तिच्यावर टाकू नये.

तिसरे उत्तर थोरली बहीण, आणि याचा मला सर्वांत जास्त राग येतो. आठ-नऊ वर्षांची पोर, तिलाही सुटी लागलेली, आणि तिच्या काखेला वर्षाचे भावंड दिलेले. ती स्वतःच मूल आहे. मैत्रिणींनी हाक मारली की ती खेळायला जाणार, जायलाच पाहिजे. पुढे काही विपरीत घडले तर ते ओझे त्या पोरीने जन्मभर वाहायचे का? बारा-तेरा वर्षांच्या आतील मुलावर दुसऱ्या मुलाची राखण ठेवू नये, हा नियम घराघरांत झाला पाहिजे.

राहिले पुरुष. सुटीत गावी आलेले जावई, काका, मामा पिंपळाच्या पारावर, नाहीतर मोबाइल घेऊन पलंगावर असतात. हीच माणसे राखणीच्या कामाला सर्वांत योग्य आहेत. पाय धड, हात रिकामे, पळायची ताकद. सकाळी नऊ ते एक बाप, काका किंवा मामा यांपैकी एकाने मुलांसाठी पाळीने बसावे, असे मी सुचवतो तेव्हा घरातले लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. एस.टी.त खिडकीची जागा कुणाला यावर वाद घालून निर्णय होतो, मग यावर का होऊ नये?

‘आमच्या लहानपणी कोण बघत होते आमच्याकडे? वाढलोच ना आम्ही,’ असे पुष्कळ ज्येष्ठ वाचक म्हणतील. जे वाढले ते आज बोलायला आहेत. जुन्या पिढीतल्या एखाद्या आजीला शांतपणे विचारून पाहा, तिला मुले किती झाली आणि जगली किती. ज्यांची नावे आता घरात कुणी घेत नाही त्यांतले एखादे विहिरीत गेलेले असते, एखादे चुलीवर.

आता सहलींविषयी. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले, त्यामुळे बायकांचे माहेरी जाणे, देवदर्शन वाढले. ही फार चांगली गोष्ट झाली. पण एका गाडीत तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एकाच दिवसात ‘उरकण्याची’ जी पद्धत पडली आहे ती मुलांच्या प्रकृतीला झेपणारी नाही. मोठ्यांपेक्षा मुलाचे अंग उन्हात लवकर तापते, त्याला घाम कमी येतो आणि तहान लागली हे धड सांगताही येत नाही. त्यात पहाटे तीनला उठवलेले, रांगेत तासन्‌तास उभे केलेले, दुपारी दोनला तेलकट वडा खाल्लेले. संध्याकाळी ते उलट्या करीत परत येते आणि आपण दृष्ट काढतो. एका दिवशी एकच ठिकाण, तेही सकाळी अकराच्या आत दर्शन उरकून सावलीत यायचे, एवढे पाळले तरी निम्म्या तक्रारी कमी होतील. लांबच जायला पाहिजे असे नाही. करमाळ्याला कमलाभवानीचे देऊळ आहे, रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेले. तिथली ९६ पायऱ्यांची विहीर मुलांना मोजत-मोजत दाखवण्यासारखी आहे, अर्थात हात धरून. केमात तर आपला उत्तरेश्वर आहेच.

‘आज फार ऊन नाही’ या भरवशावरही राहू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या समारंभात उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला, आणि त्या दिवशी तिथला पारा आपल्या सोलापूरच्या मानाने काहीच नव्हता. दमट हवा, गर्दी, सावली नाही, उठून पाणी प्यायची सोय नाही, एवढे जमले की पारा चाळिशीला पोचावा लागत नाही. लग्नाचा मांडव पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा असतो तेव्हा त्यात हेच घडते. उभ्या गाडीत, काचा लावून झोपलेल्या मुलाला ‘पाचच मिनिटे’ ठेवून दर्शनाला जाणे हा तर जिवाशी खेळ. बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी तापते.

मुलाची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले, पाच-सहा तास लघवी झाली नाही तर पाणी कमी पडले असे समजावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घोटाघोटाने पाजावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी फेकून द्यावे. या साध्या पाण्याची ताकद १९७१ साली दिसली. बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून पाजले आणि शेकडा ३० च्या घरातले मृत्यू शेकडा ४ च्या खाली आले. मरणोत्तर का होईना, २०२३ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. औषधाच्या दुकानातून पुडी घेताना मात्र पाहून घ्यावी. ‘ओआरएस’ नावाखाली रंगीत डब्यांत नुसती गोड सरबते विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही, आईचे दूध वारंवार पाजावे. अंग फणफणले, मूल बरळू लागले किंवा गुंगीत गेले तर तापाचे औषध देत बसू नये. ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालीत दवाखाना गाठावा.

घरकामाच्या यादीतल्या तीन-चार गोष्टी मला विशेष खटकतात. पहिली चुना. विरत असलेल्या चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर तो बुबुळ जाळत आत जातो. अशा वेळी गुलाबपाणी, दूध, तूप काही घालू नये. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार वीस-तीस मिनिटे सोडावी, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. धुण्याच्या आधी मोटारसायकल काढू नये. दुसरी टर्पेंटाइन. ऑइलपेंट पातळ करायला आणलेले हे द्रव्य हमखास थंड पेयाच्या बाटलीत ठेवलेले असते. तहानलेले पोर ती तोंडाला लावते. तसे झाले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते. तशीच बाटलीसकट दवाखान्यात यावे. जुना रंग खरवडताना उडणाऱ्या भुकटीत शिसे असते. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने कडक मर्यादा आली, पण दारावरचा पंचवीस वर्षांपूर्वीचा थर त्या आधीचाच आहे. खरवडण्याच्या दिवशी मुले दुसऱ्या घरी पाठवावीत.

तिसरी आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. पोती रचलेल्या खोलीतच पाहुण्यांची अंथरुणे घातली जातात आणि सर्वांत लहान मूल आधी जाते. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. गव्हाला एरंडेल चोळून, कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. आपल्या आजीची ही रीत अजून कुणी मोडीत काढलेली नाही.

विंचवाचेही दिवस हेच. विटांचा ढीग, सरपण, अडगळ हलवली की तो निघतो. मुलाला दंश झाल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर एक क्षण मांत्रिकाकडे घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, जगभर तो मानला गेला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळी वेळेत पोटात जावी लागते.

हे सगळे वाचून ‘मग कामे करायचीच नाहीत का’ असे कुणी विचारील. करायची, पण यादी निम्मी करायची. रंग दिवाळीला लावता येतो. कुरडया चार घरांनी मिळून एका घरी घालाव्यात, त्या दिवशी चारही घरांची मुले दुसऱ्या घरी, जिथे चूल पेटलेली नाही आणि हौदावर झाकण आहे, अशा ठिकाणी ठेवावीत. तिथे दोन मोठी माणसे पाळीने बसावीत, एक तरी पुरुष असावा. दहा मुलांमागे दोन माणसे पुरतात, वर्ष-दोन वर्षांची जास्त असतील तर तिसरा घ्यावा. पाळीवर बसलेल्याने हाती पापडाची लाटी घ्यायची नाही, मोबाइल खिशातून काढायचा नाही. दर तासाला डोकी मोजायची. उठायचे झाले तर ‘आता तू’ असे दुसऱ्याला नाव घेऊन सांगायचे आणि त्याने ‘हो’ म्हटल्यावरच उठायचे.